बाबांना ग्रीनवर नेणाऱ्या काकांना

ती. काका,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणाल आता हे काय नवीन, रविवारी भेटतोच की आपण. पण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय संपवता, म्हणून म्हणलं इथेच सगळ्यांसमोर लिहावं, म्हणजे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. गावाचं आणि तुमच्या लॉन बोल्सच्या क्लबचं नाव लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही ते माहितीये. ग्लॉस्टरशायरमधलं, स्ट्राउडच्या जवळचं एक गाव एवढंच पुरे.

ज्यांचे आईवडील इकडे व्हिजिटर व्हिसावर येतात त्यांना वेगळं सांगायला नको. सुरुवातीचे दिवस कौतुकात जातात, लंडन होतं, बाथ होतं, लोणची-मसाले बॅगेतून निघतात, आणि मग आमचं ऑफिस, पोरांची शाळा, आणि घरात एक माणूस खिडकीशी. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच एकटे आले होते. कुठल्या वारी कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर जातो हे त्यांना शेजाऱ्यांपेक्षा पक्कं पाठ झालेलं, पोस्टमन किती वाजता येतो ते पाठ, आणि मी घरी आले की "आज काही नाही, मजेत" एवढंच. मजेत कसले, मला दिसत होतं ना. पण सुचत काही नव्हतं, तिकीट बदलून लवकर परत पाठवावं का असंही नवऱ्याशी बोलून झालं होतं.

आणि एका संध्याकाळी तुम्ही दारात. आत यायच्या आधीच विचारलंत, "काय ओव्हरसिअर, लहानपणी गोट्या खेळायचात का?" बाबा म्हणाले खेळायचो म्हणजे काय, अख्ख्या गल्लीच्या गोट्या माझ्या डब्यात असायच्या. तुम्ही म्हणालात, "मग सपाट तळाचे बूट घाला आणि चला, हे त्याच्याच थोरल्या भावाचं आहे." बस. एवढंच केलंत तुम्ही, आणि आमचं घर बदललं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. लॉन बोल्स म्हणजे पिन पाडायचं बोलिंग नव्हे. चौकोनी हिरवळ, तिलाच ग्रीन म्हणतात, साधारण 35-40 मीटर बाजूची, चहूबाजूंनी उथळ चर. चटईवर उभं राहून आधी एक छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू टाकायचा, त्याला जॅक म्हणतात, तो निदान 23 मीटर लांब तरी जायला पाहिजे, आणि मग आपापले मोठे गोळे, म्हणजे बोल, त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. ऐकायला पोरखेळ. पण गंमत अशी की बोल पूर्ण गोल नसतोच, एका बाजूला किंचित जास्त उतरता घडवलेला असतो, त्यामुळे सरळ जातच नाही, वेग कमी झाला की एका बाजूला वळायला लागतो. म्हणजे जॅककडे बघून टाकायचंच नाही, भलतीकडे टाकायचं आणि तो आपला आपण वळून यायची वाट बघायची. उलटा धरला की थेट शेजारच्या मॅचमध्ये, आणि मग सगळे अत्यंत सभ्यपणे दुसरीकडे बघतात.

पण बाबांना पहिल्या दिवशी खेळ दिसलाच नाही म्हणे. आमचे बाबा पाटबंधारे खात्यातले, उभी हयात कऱ्हाडकडे कृष्णा कॅनॉलवर काढलेली. तुम्ही बोल हातात दिलात तर तो त्यांनी बाजूला ठेवला, चराच्या कडेला उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि गवताच्या उंचीला डोळा आणून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले. लोकांना वाटलं चक्कर आली, दोघं धावत आले पाणी घेऊन. आणि बाबा उठले ते तुम्हालाच विचारत, "डॉक्टर, एवढी लेव्हल कुणी केली? कधी केली? डम्पी लेव्हल (सर्व्हेची दुर्बीण) होती का तेव्हा? पाणी कुठून काढलंय?" त्या वेळी तुम्ही दुसऱ्या कुणासारखं "अहो, खेळा आता" म्हणाला असतात तर सगळं तिथेच संपलं असतं, तुम्ही त्यांना पॅव्हिलियनमध्ये नेलंत, कपाट उघडलंत आणि जुन्या वह्या काढल्यात. माझे खरे आभार त्या कपाटासाठी आहेत.

त्यानंतर रोज रात्री जेवताना आम्हाला इतिहास. पोरं वैतागली आधी, नंतर तीच विचारायला लागली "आजोबा, आज कुठला राजा?" कारण हा खेळ म्हणजे राजांनी बंदी घालायची आणि लोकांनी खेळत राहायचं असाच चाललेला. साउदॅम्प्टनला 1299 पासूनचं ग्रीन आहे, जगातलं सगळ्यात जुनं म्हणून ते सांगतात, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराय यादव होते तेव्हापासून (हे कनेक्शन बाबांचं). आणि पुढे राजांना काळजी पडली की लोक गोळे टाकत बसले तर धनुष्यबाणाचा सराव कोण करणार, लढाईला तिरंदाज कुठून आणणार. आठव्या हेन्रीचा 1541 चा कायदा तर बाबांनी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकला की मलाही पाठ झाला. कारागीर, शेतकरी, मजूर, नोकर, शिकाऊ पोरं, मच्छीमार, कुणीही बोल्स खेळायचं नाही, फक्त नाताळात चालेल, तेही मालकाच्या घरी किंवा मालकाच्या डोळ्यासमोर. आपल्या बागेबाहेर उघड्यावर खेळताना कुणीही सापडला तर दर वेळेला 6 शिलिंग 8 पेन्स दंड. आणि ज्याचं जमिनीचं उत्पन्न वर्षाला शंभर पौंड, त्याला मात्र स्वतःच्या आवारात खेळायचं लायसन. वा रे वा! बाबा ताट बाजूला सारून म्हणाले, "म्हणजे मी दोन्हीकडून आत. बापाकडून शेतकरी आणि नोकरीकडून नोकर." हा कायदा पार 1845 पर्यंत पुस्तकात होता, तीनशे वर्षं! पाळत किती होते देव जाणे, पब्सच्या मागे ग्रीन्स होतीच की.

ड्रेकची गोष्ट तुम्ही त्यांना सांगितलीत ते बरं केलंत आणि लगेच त्यातली हवाही काढलीत ते त्याहून बरं. 1588, स्पॅनिश आरमार दिसलं, आणि सर फ्रान्सिस ड्रेक म्हणे प्लिमथला बोल्स खेळत होता, आधी डाव संपवतो मग बघतो असं म्हणाला. तुमचं म्हणणं, ही गोष्ट तो मेल्यानंतर खूप वर्षांनी लिहिलेली सापडते, तेव्हा चहाबरोबर घ्यायची, पुरावा मागायचा नाही. तीच कथा बोलच्या वळणाची, कुठल्याशा ड्यूकचा बोल फुटला म्हणून त्याने जिन्याच्या कठड्यावरचा लाकडी गोळा कापून आणला आणि तो एका बाजूने चपटा असल्याने वळायला लागला. बाबांना ही जास्त पटली, म्हणाले साइटवर असंच होतं, अर्ध्या गोष्टी मोडतोडीतून निघतात.

त्यापेक्षा मला आवडली ती आमच्या जवळच्या थ्रप गावाची गोष्ट. आम्ही इथे इतकी वर्षं राहतो, रोज त्या रस्त्याने गाडी चालवते मी, आणि मला पत्ता नाही की गवत कापायचं मशिन आमच्या शेजारी जन्मलं. स्ट्राउडच्या ओढ्यांवर लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या, त्यात कापडावरची लव एकसारखी कातरायचं सिलिंडरचं यंत्र असायचं, पाती गोल फिरणारी. एडविन बडिंग नावाच्या माणसाच्या डोक्यात आलं की जे कापडावर चालतं ते गवतावर का नाही, आणि 1830 मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्याआधी काय, विळे नाहीतर मेंढरं. म्हणजे चांगलं ग्रीन ठेवणं फक्त ज्याच्याकडे गडीमाणसं त्यालाच परवडणार. मशिन आलं, मग कायदा गेला, आणि दोन्ही जवळजवळ एकाच काळात, त्यानंतर गावोगावी क्लब निघाले. ह्याचा त्याच्याशी किती संबंध ते मला सांगता येणार नाही, पण बाबांच्या मते शंभर टक्के संबंध, मशिनरी आल्याशिवाय कुठलीच स्कीम खाली पोचत नाही म्हणाले.

नियम मात्र स्कॉटलंडवाल्यांनी बांधले, ग्लासगोच्या विल्यम मिचेल नावाच्या माणसाने 1840 च्या दशकाच्या शेवटी. इंग्लंडची असोसिएशन 1903 मध्ये झाली आणि पहिला अध्यक्ष कोण, तर डब्ल्यू. जी. ग्रेस! तोच तो दाढीवाला, क्रिकेटचा. हे कळलं त्या दिवशी बाबांनी भारतात चार जणांना फोन केले, त्यात एक कऱ्हाडचे त्यांचे क्रिकेटवेडे मित्र, त्यांनी म्हणे विश्वासच ठेवला नाही, "थापा मारू नकोस, परदेशात जाऊन काहीही सांगतोस." तुम्हीच मग फोनवर येऊन सांगितलंत ना की खरंय, आणि इंग्लंडचा बोल्सचा कॅप्टनसुद्धा होता तो. डॉक्टर बोलतोय म्हणल्यावर मग ते मानले.

आता आपल्या क्लबचं. त्या पॅव्हिलियनमधले फोटो मी नंतर स्वतः येऊन बघितले. जुन्यांमध्ये सगळे मिशीवाले, टोप्या, वेस्टकोट, तोंडात पाइप, कुणी हसत नाहीये. बायका एकाच फोटोत, आणि हातात काय, किटली. इंग्लंडच्या बायकांची स्वतःची बोल्स असोसिएशन 1931 ची, म्हणजे पुरुषांच्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, आणि दोन्ही एक व्हायला 2008 उजाडलं. तोवर एकाच गावात, एकाच गवतावर दोन कारभार. चहाच्या टेबलावर ज्या आजी बसतात ना, काकडीच्या सँडविचवाल्या, त्यांनी मला सांगितलं की पूर्वी बायकांना कुठल्या दिवशी ग्रीन मिळायचं तेही पुरुषांची कमिटी ठरवायची, आणि वर मॅच झाली की चहा बायकांनीच करायचा.

आणि काका, त्यांनीच मला तुमचंही सांगितलं. तुम्ही मिरजेहून डॉक्टर होऊन इकडे आलात, गावात सर्जरी, म्हणजे दवाखाना, घेतलीत, एका पेशंटच्या आग्रहावरून क्लबात नाव घातलंत, आणि पहिला अख्खा सीझन शनिवारच्या मॅचला तुम्हाला कुणी घेतलं नाही. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही, फक्त बोर्डावर नाव लागायचं नाही. तुम्ही तरी सर्जरी संपली की संध्याकाळी येऊन एका कोपऱ्यातल्या रिंकवर, म्हणजे ग्रीनच्या एका पट्ट्यावर, एकटेच बोल टाकत बसायचात, आणि शेवटी एकदा चौघांत एक माणूस कमी पडला तेव्हा तुम्हाला हाक मारली. लीड म्हणून, सगळ्यात आधी टाकणारा, ज्याच्याकडून फारशी अपेक्षा नसते तो. आता तुम्ही स्किप आहात, चौघांचा कॅप्टन. आठव्या हेन्रीचा कायदा एवढा रंगवून सांगणाऱ्या माणसाने हे मात्र आम्हाला कधीच सांगितलं नाही. बाबांना नेलंत त्या पहिल्याच शनिवारी त्यांचं नाव बोर्डावर होतं, फ्रेंडली मॅच का असेना, आणि ते कुणी लिहिलं होतं ते अक्षरावरून कळतं, डॉक्टरांचं अक्षर लपत नाही.

लेमिंग्टनबद्दलही लिहिलंच पाहिजे. 2022 च्या कॉमनवेल्थ गेम्समधलं बोल्स तिथे होतं, तेव्हा तुम्ही आणि काकू व्हिक्टोरिया पार्कला जाऊन बसला होतात. आमच्याकडे बातमी आली तेव्हा अर्ध्या भारताला खेळच माहिती नव्हता, आम्हीही त्यातलेच. भारताच्या बायकांची चौघींची टीम, लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की, सेमीफायनलला न्यूझीलंडला हरवलं आणि 2 ऑगस्टला फायनलला साउथ आफ्रिकेला 17-10. गेम्समध्ये हा खेळ 1930 पासून, आणि भारताचं यातलं हे पहिलं मेडल, तेही थेट गोल्ड. एक झारखंड पोलिसांत, एक आसामच्या वनखात्यात, एक शाळेत पीटी शिकवणारी, एक जिल्ह्याची क्रीडा अधिकारी. म्हणजे हेन्रीच्या यादीप्रमाणे चौघीही नोकर वर्ग, एकीलाही परवानगी नाही! हा जोक तुमचाच आहे, बाबा आता स्वतःचा म्हणून खपवतात. तुम्ही रडला होतात असं काकूंनी सांगितलं, तुम्ही म्हणता परागकणांची अॅलर्जी. असो.

बाबांना खेळ किती आला मला माहीत नाही, तुम्ही "हात चांगला आहे" म्हणता ते कौतुक की दिलासा कळत नाही. पण गवत मात्र आलं. सकाळी लवकर उठून तुमच्याबरोबर दव झटकायला जायचे, ती लांब लवचिक काठी गवतावरून डावीकडून उजवीकडे फिरवत, कारण दव तसंच राहिलं तर बुरशी धरते. गवत पाच मिलिमीटरच्या आसपास ठेवायचं, रोलर कधी फिरवायचा, गांडुळं चांगली असतात पण इथे नकोत कारण त्यांच्या मातीच्या ढिगल्यांनी लेव्हल जाते. सप्टेंबरमध्ये सीझन संपला तेव्हा ते पोकळ दातांचं यंत्र जमिनीत भोकं पाडत मातीच्या कांड्या बाहेर काढत चाललं होतं आणि बाबा मागून एकेक कांडी उचलून, मोडून, वास घेऊन बघत होते की पाणी किती खोल मुरलंय. मग वाळूमिश्रित माती पसरायची, बी टाकायचं. वहीत सगळं लिहून ठेवलंय, क्रॉस सेक्शन काढलाय ग्रीनचा, चर, नळ, खडीचा थर, स्केल टाकून. तुमच्या ग्रीनकीपरने त्याची झेरॉक्स मागून घेतली तेव्हा बाबांना रिटायर झाल्यापासून एवढं खूश मी बघितलं नव्हतं.

एक तक्रार आहे तीही सांगते. तुम्ही त्यांना तो जुना लाकडी बोल दिलात, लिग्नम व्हायटीचा, आणि सोडून दिलंत की हे लाकूड पाण्यात बुडतं. लाकूड आणि बुडतं? झालं, रात्री माझी चांगली बादली भरून बाथरूममध्ये प्रात्यक्षिक, दोन्ही पोरं मांडी घालून समोर, बाबांनी बोल अलगद पाण्यावर ठेवला आणि सोडला, आणि तो खरंच सरळ तळाला गेला, धप्प. मग परत. मग साधं लाकूड म्हणून माझं लाटणं आणून शेजारी तरंगवलं. पाणी सगळीकडे, आणि तिघंही खिदळतायत. तो पुसून, तेल लावून ठेवलाय, घाबरू नका. तो तुमच्या त्याच पेशंटच्या वडिलांचा होता हे मला नंतर कळलं, आधी कळलं असतं तर बादलीजवळ जाऊ दिलं नसतं.

आणि साउदॅम्प्टनची ट्रिप! तुमचा पाय दुखत असताना तुम्ही गाडी काढलीत, कारण बाबांना 1776 पासून चालू असलेली ती नाइटहूडची स्पर्धा दाखवायची होती. उंच काळ्या हॅट, शेपटीचे कोट घातलेले म्हातारे वाकून अंतर मोजतायत, जिंकणाऱ्याला क्लबात सगळे "सर" म्हणणार आणि तो पुन्हा कधी त्या स्पर्धेत उतरणार नाही, मोजमापाला मात्र उभा राहणार. बाबा म्हणाले ही पद्धत आपल्या कारखान्यांच्या इलेक्शनला लावायला पाहिजे, एकदा जिंकलास, आता हॅट घाल आणि मोजत बस.

बाबा आता कऱ्हाडला आहेत. बोल एकेक दीड किलोचा, चारचा सेट विमानाच्या बॅगेत परवडत नाही, म्हणून तुम्ही दिलेला सेट इथेच माझ्या जिन्याखाली आहे. तिकडे कट्ट्यावर सगळ्यांना 1541 चा कायदा ऐकवून झालाय. तुमचा दर रविवारचा फोन चुकला की मला विचारतात, डॉक्टर बरे आहेत ना. एप्रिलअखेरीचं तिकीट काढलंय त्यांचं, ग्रीन उघडायच्या दिवसाला धरून, म्हणजे सगळे मिळून चारी बाजूंनी एकदम बोल टाकतात ते स्पायडर त्यांना चुकवायचं नाहीये. तेव्हा नाव लावून ठेवा.

आणि हो, मागच्या वर्षीची त्यांची मेंबरशिप तुम्ही परस्पर भरलीत हे मला खजिनदारांकडून कळलंय. या वर्षीची मी भरलीये, पावती माझ्याकडे आहे, तुम्ही परत भरायला जाऊ नका. काकूंना सांगा पुरणपोळ्या घेऊन येते शनिवारी, चहा तुमच्याकडे.

तुमची,
ओव्हरसिअरची मुलगी